पिप कोणाचा?

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. गेल्या सेमिस्टरला लॅबमधल्या खिडकीजवळच्या मशीनचं टर्मिनल उघडेनासं झालं होतं, ते माझ्यामुळे. तेही ज्युनिअर्सच्या प्रॅक्टिकलच्या ऐन सकाळी. 'व्हायरस आला', 'हार्डडिस्क गेली', 'उंदराने वायर कुरतडली' असे बरेच तर्क त्या दिवशी मेसमध्ये लढवले गेले, आणि शेवभाजीचा रस्सा वाढून घेत मीही गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. उंदीर बिचारा निर्दोष होता. सरांना मी त्याच दिवशी सांगितलं होतं, बाकीच्यांना आज सांगतोय.

पण हा लेख म्हणजे माफीनामा नाही. त्या प्रकारानंतर दोन गोष्टी झाल्या. एक, लॅबच्या मशीन्सचा ॲडमिन पासवर्ड विद्यार्थ्यांकडून काढून घेतला गेला. दोन, लॅबमध्ये कुणीही काहीही 'सोर्सपासून बिल्ड' करायचं नाही असा तोंडी नियम झाला. पहिली गोष्ट बरोबर झाली. दुसरी चूक झाली. ज्याच्यामुळे नियम आला त्यानेच नियमाविरुद्ध बोलावं हे जरा विचित्र दिसतं, पण बिघाड नेमका कुठे झाला हे मला जितकं माहीत आहे तितकं दुसऱ्या कुणाला माहीत असणार?

झालं असं. आमच्या ग्रुपचा प्रोजेक्ट कपाशीच्या पानावरचा रोग ओळखण्याचा. (हसू नका. खान्देशातल्या कॉलेजात दरवर्षी कुणीतरी कपाशी घेतं, कुणीतरी केळी घेतं, हे विधिलिखित आहे.) एका सिनिअर दादाने पेन ड्राइव्हवर त्याचा कोड दिला. तो पायथन ३.१२ वर लिहिलेला. लॅबच्या उबुंटू २०.०४ वर पायथन ३.८. कोडमध्ये 'मॅच' वापरलेलं, ते पायथनमध्ये आलं ३.१० पासून. म्हणजे पहिल्याच फाईलला सिन्टॅक्स एरर. प्रोजेक्टसाठी म्हणून सरांनी विश्वासाने पासवर्ड दिलेला होताच. म्हटलं, सोर्स आणू आणि आपणच बिल्ड करू. वीसेक एमबीची फाईल, त्यात किती काय असणार.

कॉन्फिगर, मेक, मेक ऑल्टइन्स्टॉल. स्क्रीनवर ओळी अशा सरसर पळत होत्या की आपण नासात बसलोय असं वाटावं. बिल्ड झालं. मी टाईप केलं: पिप३.१२ इन्स्टॉल, पुढे लायब्ररीचं नाव. (कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत, हा मराठी विभागाचा नियम. टाईप करताना कृपया इंग्रजीतच करा.) उत्तर आलं की पायथनमध्ये एसएसएल मॉड्यूल उपलब्ध नाही. एसएसएल म्हणजे काय हे नेटवर्क्सच्या पेपरात मी दहा मार्कांना लिहून आलो होतो. पण इथे त्याचा काय संबंध ते काही कळेना.

रूममेट म्हणाला, "पिप जुना असंल, अपडेट कर." आपल्याकडे कुठल्याही दुखण्यावर हे औषध आहे. मोबाईल अडकला, अपडेट कर. प्रिंटर चालत नाही, अपडेट कर. मी टाईप केलं: सुडो पिप३ इन्स्टॉल --अपग्रेड पिप. मशीन म्हणालं, यशस्वी. परत पिप३.१२ चालवलं. तोच एरर. परत अपडेट केलं, तर मशीन म्हणे आधीच अद्ययावत आहे. तरीही तोच एरर.

इथे थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. मनात आलं की जुना पायथन मध्ये मध्ये येतोय, तोच बाजूला करू. सिस्टिमचं 'पायथन३' हे नाव ज्या फाईलकडे बोट दाखवतं, ते बोट मी वळवून नव्या ३.१२ कडे केलं. पिप३ चं व्हर्जन विचारलं तर त्यापुढे ३.१२ दिसायला लागलं. मला वाटलं जिंकलो. पॅकेज घ्यायला गेलो तर पुन्हा तोच एसएसएलचा एरर. तेवढ्यात लॅब बंद व्हायची वेळ झाली, मी लॉगआउट करून मेसला पळालो.

सकाळी ज्युनिअर्स बसले तर टर्मिनलचं चित्र दाबलं की नुसतं गोल गोल फिरतं आणि गायब होतं. एकाने घाबरून विचारलं, "काय व्हयनं रे भो?" दुसरा म्हणे, "आते काय करसूत?" परीक्षा वीस मिनिटांवर. मी दारात उभा, पाय गळालेले.

सर आले. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळा स्क्रीन काढला, लॉगिन केलं, ते बोट परत ३.८ कडे वळवलं. सगळं मिळून दीड-दोन मिनिटं. उबुंटूमध्ये टर्मिनल उघडणारी फाईल ही पायथनचीच एक स्क्रिप्ट असते आणि तिला लागणारी मॉड्यूल्स ३.८ साठी बांधलेली असतात, तिला ३.१२ च्या हाती दिलं की ती उघडणार कशी, हे त्यांनी नंतर समजावलं. त्या क्षणी ते फक्त एवढंच म्हणाले, "पिप अपडेट केलास ना? ठीक. कोणाचा?"

मला त्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. गेले काही महिने मी तो प्रश्न घेऊनच फिरतोय, आणि जे कळलं ते इथे लिहितो, कारण माझ्या मते चारपैकी तीन पोरांना ते माहीत नाही. (हा आकडा माझ्या मजल्यावरचा आहे, सर्व्हे नाही.)

एका मशीनवर दोन पायथन असले की पिपही दोन असतात. पिप हा मशीनचा नसतो, तो त्या त्या पायथनचा असतो. मी सुडो लावून जो अपडेट केला तो ३.८ चा. ३.१२ चा जसा होता तसाच बसून होता. आणि त्याचा दोष तर काहीच नव्हता! एसएसएल नव्हतं ते पायथनमध्ये नव्हतं, कारण बिल्ड करताना मशीनवर ओपनएसएसएलच्या हेडर फाईल्स नव्हत्या. मेक संपताना हे लिहूनही आलं होतं की अमुक अमुक मॉड्यूल्स बांधता आली नाहीत. पण त्या नासाच्या ओळी वाचतंय कोण? हेडरचं पॅकेज टाकून, कॉन्फिगरपासून परत सुरू करून बिल्ड केलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम होतं. नंतर सरांसमोर बसून केलं तेव्हा तेवढाच वेळ लागला.

मग सोर्सपासून बांधलेल्या पायथनमध्ये पिप येतो कुठून? हे मला फार आवडलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. पायथनच्या सोर्समध्ये 'एन्शुअरपिप' नावाचं फोल्डर आहे. त्यात पिपची एक तयार व्हील फाईल ठेवलेली असते, घरून निघताना आई डबा बांधून देते तशी. मेक इन्स्टॉल होताना तो डबा उघडतो आणि पिप बसतो. यासाठी इंटरनेट लागत नाही. ही सोय २०१४ साली पायथन ३.४ पासून आली. त्याआधी नवा पायथन बांधला की पिप स्वतः शोधून बसवावा लागायचा, म्हणजे पॅकेज आणणारं पॅकेज आणायला आधी काहीतरी आणा, अशी गत.

आता डब्यातलं अन्न ज्या दिवशी बांधलं त्या दिवसाचं. पायथन ३.१२.० सोबत पिप २३.२.१ आला, आणि तुम्ही आज ती फाईल उघडली तरी तोच येणार. त्यामुळे सोर्सपासून बिल्ड केल्यावर पिप अपडेट करणं हे काम खरंच आहे, ते फॅड नाही. पिप फार जुना असला तर नव्या पद्धतीच्या तयार व्हील फाईल्स त्याला ओळखता येत नाहीत, मग तो लायब्ररीचा सोर्स आणून आपल्या मशीनवर कंपाइल करत बसतो. ओपनसीव्हीसारखी लायब्ररी असेल तर जेवून या, झोपून या, तरी पंखा घोंघावतोच आहे.

अपडेट करायचं ते असं: पायथन३.१२ -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप. 'हा जो पायथन आहे, त्याचाच पिप' असं स्पष्ट नाव घेऊन. नुसतं पिप३ म्हणणं म्हणजे बसस्टँडवर उभं राहून "ए भाऊ!" अशी हाक मारणं. चाळीसगावच्या स्टँडवर मारून बघा, किती जण वळतात.

माझ्यासारखे बाकी जगातही कमी नाहीत, हे वाचून मला जरा बरं वाटलं. एप्रिल २०१८ मध्ये पिप १० आला, त्यात आतली मांडणी बदलली. ज्यांनी डेबियन-उबुंटूवर सिस्टिमचा पिप त्यानेच अपडेट केला, त्यांच्याकडे पिपचा गाभा नवा आणि त्याला हाक मारणारी छोटी स्क्रिप्ट जुनी असं झालं, आणि पिप म्हटलं की 'मेन' सापडत नाही अशी ओरड सुरू झाली. उबुंटू १६.०४ वाल्यांची गोष्ट त्याहून वाईट. त्यांचा पिप ८ इतका जुना की नवं व्हर्जन आपल्या पायथनला चालेल की नाही हे तपासण्याची अक्कलच त्याच्यात नव्हती. ती आली पिप ९ मध्ये. २०२१ मध्ये पिप २१ ने पायथन २.७ आणि ३.५ सोडून दिले. तेव्हा ज्यांनी पायथन ३.५ वर "अपडेट कर" केलं त्यांच्याकडे असा पिप आला जो त्यांच्या पायथनला वाचताच येईना. म्हणजे अपडेट करून पिप गेला, आणि पिप गेल्यावर परत आणायला पिपच नाही.

शेवटी डिस्ट्रोवाल्यांनी कुलूपच लावलं. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, म्हणजे २०२३ पासून, सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने काही टाकायला गेलं की तो सरळ नाही म्हणतो: हे घर दुसऱ्या कुणीतरी सांभाळतं, तू आपली वेगळी खोली घे. वेगळी खोली म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट. डेबियनवर रुबीचा पॅकेज मॅनेजरही स्वतःला सिस्टिमभर अपडेट करू देत नाही, त्याचं कारण हेच. ज्युलिया नावाची भाषा आहे, तिच्या चार निर्मात्यांपैकी एक विरल शहा आपल्या देशातले. तिथे तर पॅकेज मॅनेजर भाषेच्या सोर्सलाच बांधलेला आहे. कोणता पिकेजी घ्यायचा, त्याची नेमकी खूण एका छोट्या फाईलमध्ये लिहिलेली असते, आणि बिल्ड करताना तोच आत येतो. बदलायचा तर ती ओळ बदलून परत बिल्ड. भाषा कोणतीही घ्या, हा कोणाचा आणि तो कोणाचा याचा हिशोब ठेवावाच लागतो.

आता मुद्द्यावर येतो. माझी चूक बिल्ड करण्यात नव्हती. सुडो लावण्यात होती. पायथन सोर्सपासून बांधायला ॲडमिन पासवर्ड लागतच नाही! कॉन्फिगर करताना --प्रिफिक्स देऊन आपल्या होम डिरेक्टरीतलं फोल्डर सांगितलं की सगळं तिथेच बसतं: पायथन, पिप, लायब्ररी. बिघडलं तर फोल्डर उडवायचं, शेजारच्या लॉगिनला पत्ताही लागत नाही. मी हे तेव्हा केलं असतं तर ज्युनिअर्सचं टर्मिनल उघडलं असतं आणि मेसमधल्या उंदराची बदनामी टळली असती.

पासवर्ड लागतो तो फक्त एकदाच आणि फक्त हेडर पॅकेजेससाठी: कंपायलरचा बिल्ड-इसेन्शियल संच, एसएसएल, झेडलिब, एफएफआय, एसक्यूलाइट, रीडलाइन, बीझेड२, एलझेडएमए यांची डेव्ह पॅकेजेस. यातलं झेडलिब नसेल तर डबाच उघडत नाही, कारण व्हील फाईल म्हणजे शेवटी एक झिप. ही सात-आठ नावं लॅबच्या सगळ्या मशीन्सवर सरांनी एकदा टाकून दिली की नंतर विद्यार्थ्याला कधीच सुडो मागावा लागणार नाही. पासवर्ड खुशाल तिजोरीत ठेवा.

दुसरी मागणी नेटची. हॉस्टेलच्या वायफायबद्दल मी काही बोलत नाही, गच्चीवर जाऊन धुळ्याची गाडी सुटलेली दिसते पण पॅकेज सुटलेलं दिसत नाही, एवढंच. लॅबमधल्या एका मशीनवर शेअर्ड फोल्डर करून त्यात नेहमी लागणाऱ्या व्हील फाईल्स एकदा पिप डाउनलोडने आणून ठेवता येतात. मग बाकीच्यांनी --नो-इंडेक्स आणि --फाइंड-लिंक्स देऊन त्या फोल्डरमधूनच घ्यायच्या. पिपची स्वतःची व्हील दोन एमबीच्या आसपासची आहे, तीही त्यातच. म्हणजे पिप अपडेट करायलाही नेट नको. एकाच लायब्ररीसाठी अख्ख्या बॅचने आपापला डेटा पॅक जाळायचा, याला काय अर्थ आहे?

सरांची बाजू मला कळत नाही असं नाही. लॅब असिस्टंट एक, मशीन्स इतक्या, आणि आमच्यासारखे उत्साही. परीक्षेच्या सकाळी मशीन बंद पडलं तर वरून बोलणी त्यांना बसतात, मला नाही. म्हणूनच मी पासवर्ड परत मागत नाही. पण 'बिल्ड करू नका' हा नियम त्या भीतीवर लागू पडत नाही, कारण होम डिरेक्टरीतल्या बिल्डने कुणाचंही मशीन बंद पडत नाही. नियम करायचाच तर 'सुडो पिप करू नका' असा करा. मी स्वतः पाटी रंगवून देतो.

मित्र म्हणतात, एवढी यातायात कशाला? कोलॅब आहे, कोंडा आहे, २०२४ पासून तर यूव्ही आलंय, एका कमांडमध्ये तयार पायथन आणून देतं. खरं आहे, आणि डेडलाईन उद्या असेल तर मीही तेच वापरतो. पण आपण चार वर्षं कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क्स असे वेगवेगळे पेपर देतो. ते सगळे एकत्र एका ठिकाणी मला पहिल्यांदा दिसले ते त्या फसलेल्या बिल्डमध्ये. हेडर म्हणजे काय, लिंक म्हणजे काय, पाथ का बघायचा, एसएसएल नुसतं दहा मार्कांचं नसतं. एकदा बिल्ड चालू असताना लाईट गेली. परत आल्यावर मेक जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू झालं, कारण ते फाईल्सच्या वेळा बघून काय जुनं काय नवं ते ठरवतं. हे पुस्तकात होतं, मी पाठही केलं होतं. पटलं त्या रात्री. आणि पायएन्व्हवाल्यांनी हसू नये, तेही आतून सोर्सच बिल्ड करतं आणि हेडर नसले की असंच रडतं.

आणि हे आपल्या भागात काही नवीन नाही. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपण ट्रिपला जातो, फोटो काढतो, धबधबा बघतो. त्या पाटणचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांचा सिद्धांतशिरोमणी आणि बाकीचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. ग्रंथ ११५० सालचा, मठ त्यानंतर अर्ध्या शतकाने. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. त्याच्या शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात ग्रंथांची स्तुती नाही, हिशोब आहे: बाजारात येणाऱ्या मालावरच्या कराचा कोणता वाटा मठाला मिळणार, असा. मला तो हिशोब फार मोठा वाटतो. उत्तर तयार आहे, तुम्ही फक्त वापरा, असं म्हणणाऱ्याला मठ काढायची गरज नसते. गणित आतून उघडून बघायला जागा लागते, आणि त्या जागेला तेल-मिठाचा खर्च लागतो. आमची मागणी त्यामानाने किरकोळ आहे, सात-आठ पॅकेजेस आणि एका जुन्या हार्डडिस्कवरचं फोल्डर.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे आणि पायथनचे धडे मराठीतून आहेत, नेट नसताना चालवता येतील असे. तेही त्याच फोल्डरमध्ये ठेवता येतील. पहिल्या वर्षाला मला हे कुणी सांगितलं असतं तर बरंच रक्त आटायचं वाचलं असतं. असो.

लेखी अर्ज मी सरांकडे दिला आहे, त्यावर आमच्या ग्रुपच्या चौघांच्या सह्या आहेत, आणि पॅकेजेसची यादी मागे जोडली आहे. सर वाचून हसले आणि म्हणाले, "एका मशीनवर करून दाखव, मग बघू." खिडकीजवळचंच मशीन त्यांनी दिलंय. हेडर पॅकेजेस त्यांनी स्वतः टाकली, पासवर्ड टाईप करताना मला तोंड फिरवायला लावलं. शनिवारी दुपारी जेवणानंतर बिल्ड लावणार आहे. ज्याला बघायचंय त्याने यावं, येताना पेन ड्राइव्ह आणावा. आणि ज्या ज्युनिअर्सचं त्या दिवशी टर्मिनल उघडलं नव्हतं, त्यांना चहा माझ्याकडून.